कासव कात का टाकत नाही?

रानवाटा: साप कात टाकतो, खेकडाही कवच टाकून नवे धारण करतो, मग कासव वाढत असताना त्याच्या कवचाचे काय होते? शिवाय माशाचे खवले आणि खवले मांजराचे खवले मुळात एकच असतात का, याविषयीही जाणकारांनी लिहावे.

भरतीओहोटी: खेकड्याचे कवच कायटिन नावाचा चिवट पदार्थ व कॅल्शियम कार्बोनेट यांचे असते आणि एकदा कडक झाले की ताणले जात नाही. त्यामुळे अंग वाढले की ते मागच्या बाजूने उकलते व खेकडा मागे सरकत बाहेर पडतो. कल्ल्यांवरचे आणि जठरातले अस्तरसुद्धा त्याबरोबर निघून येते. नवे कवच मऊ असतानाच तो पाणी शोषून अंग फुगवतो आणि ते कडक होईपर्यंत दडून राहतो. सापाच्या त्वचेचा मात्र केवळ वरचा मृत थर निघतो. त्यापूर्वी त्याचे डोळे दुधाळ दिसतात, कारण डोळ्यांवरचे पारदर्शक खवलेही निघायचे असतात. अखंड कात नीट पाहिलीत, तर डोळ्यांच्या जागी भोके नसून दोन इवली भिंगे दिसतील.

कौलारू: कासवाच्या पाठीचे कवच कणा व रुंदावलेल्या बरगड्या एकत्र जुळून झालेले असते. ते टाकणे म्हणजे सांगाडाच टाकणे! हाडे वाढतात तसे तेही वाढते. त्यावरची केराटिन या प्रथिनाची शकले मात्र गोड्या पाण्यातल्या अनेक कासवांमध्ये पातळ पापुद्र्यांच्या रूपाने सुटतात.

खवल्यांविषयी सांगायचे, तर माशाचे खवले हाडासारखे असून त्वचेच्या आतल्या थरात रुजलेले असतात आणि माशाबरोबर वाढतात. म्हणूनच त्यांवरच्या वलयांवरून वयाचा अंदाज बांधता येतो. खवले मांजराचे खवले आपल्या नखांप्रमाणे केराटिनचे असतात. ते औषधी असल्याच्या समजुतीपायी या निरुपद्रवी प्राण्याची बेसुमार शिकार झाली, आणि अखेर २०१६ मध्ये त्याच्या आठही प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. तसा गुण येणार असता, तर स्वतःची नखे कुरतडूनही यायला हवा होता.

रानवाटा: आभारी आहे. पेरूच्या खोडाचे पापुद्रे निघतात, तेही असेच का?

भरतीओहोटी: बऱ्याच अंशी. खोड जाडीने वाढते, बाहेरची मृत साल ताणली जात नाही, म्हणून ती सुटते आणि खालचा हिरवट, गुळगुळीत थर उघडा पडतो. आंब्यावर मात्र जुनी साल सहसा अशी सुटत नाही. ती भेगाळत जाड होत जाते.