शेंगाचटणीच्या गावात हे खात नाही म्हणणारे (अनुभव लिहा)

परवा जुळे सोलापुरात मित्राच्या खोलीवर "चमचाभर चटणी खा की बे, काय होत नाही" ऐकून मी उपाशीच उठलो. मला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे आणि आपल्याकडं कूट कशात नसतंय, वांग्यात आहे, आमटीत आहे, उपास धरावा तर साबुदाण्यातपण तेच. बारावीत असंच एका लग्नात खाल्लं, दहा मिनिटांत ओठ सुजले, घसा आवळला, छातीत शिट्ट्या. डॉक्टर नंतर बाबांवर ओरडले, गोळी देऊन वाट काय बघत बसलात, अशा वेळी आधी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. तुमचं काय, लिहा.

भाकरीवाला: मला गहू चालत नाही, सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनानं आतडं बिघडतंय. कडक भाकरीच्या गावात जन्मलो हे नशीब, ज्वारीत ग्लूटेन नसतंय. पण चक्कीत आधी गहू दळलेला असला की झालंच, म्हणून आई घरघंटीवर दळती. एक चूक सांगतो, मी शहाणपणा करून रक्त तपासायच्या आधीच चपाती सोडली, रिपोर्ट नॉर्मल आला, मग परत काही आठवडे गहू खाऊन तपासावं लागलं. ते आठवडे विचारू नका.

ताकपीठ: माझं दुधाचं. ही अ‍ॅलर्जी नव्हे, दुधातली साखर पचत नाही एवढंच. ताक चालतं. हॉस्टेलचा चहा पिऊन पहिल्या लेक्चरला बसणं बंद केलंय.

नाव नको: मला कशाचीच अ‍ॅलर्जी नाही. सांगायचे मात्र मी सगळ्यांना, मेसमध्ये तेल चालत नाही, भात चालत नाही, दूध नाही, म्हणजे कुणी आग्रह करायचं नाही. एफवायला कुणीतरी फोटोवरून बोललं तिथून सुरू झालं. डबा गाईला घालायचे. पाच महिने पाळी नाही, केस मूठमूठ गळलेले, तरी आरशात मी जाडीच दिसायचे. आधी ओळखलं ते मेसच्या मावशीनी, "बाई तुला सगळंच कसं चालंना गं?" आता सायकिअ‍ॅट्रिस्ट आणि डाएटिशियन दोन्ही चालू आहेत. चौघांत बसून जेवताना अजून हात थांबतो. तुम्हा खऱ्या अ‍ॅलर्जीवाल्यांची माफी, माझ्यासारखीमुळं तुमच्यावर विश्वास ठेवत नसतील.

धागाकर्ता: माफी कसली गं, तू जेव. आमच्यावर तसाही कोण ठेवतंय. खोलीवाल्यानं हे सगळं वाचलं, चटणीचा डबा वर ठेवलाय म्हणे. चमचा मात्र आमटीला तोच घालालाय, आज सांगतो त्याला.