संवेदना नसलेल्या तळपायांना खोलवर भाजले आहे. त्वचारोपण टाळता येईल का?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)
माझ्या सहा वर्षांच्या मुलाला जन्मतः स्पायना बायफिडा (पाठीचा कणा नीट न जुळण्याचा दोष) असून त्याला गुडघ्यांखाली वेदना कळत नाहीत. भर मे महिन्यात गच्चीच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी खेळताना त्याचे दोन्ही तळपाय खोलवर भाजले. डॉक्टर त्वचारोपण सुचवतात. परंतु तो एकदाही रडलेला नाही, हसतखेळत असतो. जखम आपोआप भरेपर्यंत थांबावे का?

उत्तर (बर्न वॉर्डात काम केलेली डॉक्टर)
ताई, मूल रडत नाही यावरून इथे काहीच ठरवता येत नाही. एरवी टोचून वेदना होते का हे पाहून भाजल्याची खोली अजमावता येते; याच्या पायांत ती मुळातच नसल्याने जखमेचा रंग, ओलावा आणि दाबल्यावर पांढरी पडलेली जागा पुन्हा लाल होते की नाही, यांवरच विसंबावे लागते. जागा पांढरट, कोरडी आणि चामड्यासारखी असेल, तर ती तीन आठवड्यांत भरणे कठीण असते आणि थांबल्याने संसर्गाचा धोका मात्र वाढतो.

याहून निकडीची गोष्ट म्हणजे लॅटेक्सची (नैसर्गिक रबराची) ॲलर्जी. स्पायना बायफिडा असलेल्या मुलांत ती बरीच आढळते, म्हणून हातमोजे आणि कॅथेटर (लघवीची नळी) लॅटेक्सविरहित हवेत, हे शस्त्रक्रियेपूर्वी लेखी कळवा. डोक्यात शंट (मेंदूतील जादा पाणी काढणारी नळी) बसवलेला असेल तर तेही सांगा, कारण ताप आल्यास जखमेबरोबर शंटही तपासावा लागतो.

उत्तर (अशाच मुलीचे वडील, वर्धा रोड)
आमच्या मुलीचे त्वचारोपण झाले, तेव्हा खरी कसोटी नंतर लागली. दुखत नसल्यामुळे ती लंगडत नसे, सरळ त्या पायावर उभी राहू पाहत असे, आणि नवी कातडी अशा दाबाने निसटते. पाय हलू नये म्हणून लावलेल्या स्प्लिंटची (आधारपट्टीची) कडा रुतली तरी मूल सांगणार नाही, तेव्हा ड्रेसिंगच्या वेळी टाचा आणि घोटे पाहून घेण्याचा आग्रह धरा. रोपणासाठी कातडी मांडीची घेणार असतील आणि तिथे त्याला संवेदना असेल, तर ती जागा मात्र त्याला दुखेल. त्यासाठी वेदनाशामक औषध आधीच विचारून ठेवा.

प्रश्नकर्ती
शंट आहे, उद्याच कळवते. खर्चाचे काय करावे?

उत्तर (डॉक्टर)
महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजल्यावरचे उपचार येतात. रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) रेशनकार्ड व मुलाचे आधारकार्ड दाखवा आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच मंजुरीसाठी अर्ज करा.