आयएनएस खुकरी एवढी हळू का चालली होती?

दर्यावर्दी: १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी पाणबुडीने बुडवलेल्या आपल्या नौदलाच्या खुकरी या युद्धनौकेचं दीवचं स्मारक बघितल्यापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. पाणबुडी आसपास आहे हे माहीत होतं, तिला शोधायलाच बोटी पाठवल्या होत्या, मग खुकरी एवढ्या कमी स्पीडला का होती? खुकरीचे कॅप्टन मुल्ला यांच्या बलिदानाबद्दल सगळीकडे लिहिलंय, यावर मात्र फार कमी.

सागर_७१: सोनारमुळे, म्हणजे आवाजावरून पाण्यातली बोट शोधणाऱ्या यंत्रामुळे. पाकिस्तानची ती पाणबुडी हंगोर, फ्रेंच बनावटीची, डाफ्ने प्रकारातली, तिचा सोनार आपल्यापेक्षा कितीतरी लांबचं पकडायचा. खुकरीचा सोनार सुधारायला लेफ्टनंट व्ही. के. जैन यांनी बीएआरसीत (भाभा अणुसंशोधन केंद्रात) केलेलं एक उपकरण लावलं होतं, आणि बोट जोरात पळवली की तिच्याच आवाजात बाकीचं काही ऐकू येत नाही, म्हणून स्पीड कमी. जैनही बोटीबरोबरच गेले, त्यांचं नाव कोणी घेत नाही याचं फार वाईट वाटतं.

माझगावकर: कारण बरोबर आहे, पण मला तो निर्णय पटत नाही. खुकरीसारख्या पाणबुडीविरोधी फ्रिगेटचा (युद्धनौकेचा) जोर तिच्या वेगात, तोच सोडला तर पाणबुडीला आयतं निशाण मिळतं. त्यात सोबतची कुठार ही बोट बॉयलरच्या बिघाडामुळे आधीच परत गेलेली, म्हणजे शोधायला उरल्या दोनच, खुकरी आणि कृपाण. ९ डिसेंबर १९७१, रात्री पावणेनऊच्या सुमाराला टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत बोट खाली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. डेकखाली असलेल्यांना वर यायलाच वेळ मिळाला नाही.

दर्यावर्दी: आणि कृपाण? ती सोडून गेली असं बरेच जण म्हणतात.

सागर_७१: हे ऐकलं की राग येतो. हंगोरने पहिला टॉर्पेडो कृपाणवरच टाकला होता, तो फुटला नाही म्हणून ती वाचली, आणि खुकरी बुडाल्यावर ती हल्ला करायला वळली तर तिच्यावर आणखी एक सोडला. समोर पाणबुडी असताना जागेवर थांबून माणसं काढायला गेली असती तर दुसरी बोटही गेली असती. दुसऱ्या दिवशी कच्छल या बोटीला घेऊन ती परत आली आणि ६७ जणांना पाण्यातून काढलं. मुल्लांनी आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं, हे सांगणारी माणसं त्यातलीच.

माझगावकर: कृपाणबद्दल शंभर टक्के सहमत. माझा आक्षेप तिच्यावर नाहीच, अपुऱ्या सोनारवर या बोटींना डाफ्नेसमोर पाठवणाऱ्यांवर आहे.