शब्दचर्चा : पुरवठा साखळी 'लीन' कुणाच्या चरणी?

मूळ प्रश्न

पुरवठा साखळीवरच्या एका प्रशिक्षण-पुस्तिकेचं मराठी करतोय. विषय : स्कॉर हे प्रक्रियांचं संदर्भ-मॉडेल आणि लीन पद्धती (कामातलं वाया जाणारं काढून टाकण्याच्या, टोयोटातून आलेल्या) एकत्र कशा वापरायच्या. पहिल्याच पानावर अडलो. 'लीन पुरवठा साखळी' असं लिहून एका मित्राला वाचायला दिलं, तर त्याने विचारलं, "कुणाच्या चरणी?"

बरोबरच आहे. मराठी वाचकाला लीन म्हणजे नम्र, नाहीतर तल्लीन. शब्दकोशातले 'कृश', 'सडपातळ' हे पर्याय माणसाच्या अंगकाठीला ठीक, पण साखळी सडपातळ म्हटली की ती कुठल्या कडीत तुटेल हेच आधी मनात येतं.

दुसरी अडचण 'रेफरन्स मॉडेल'ची. संदर्भ चौकट, प्रारूप, प्रतिमान, आराखडा असं सगळंच वापरलेलं दिसतं. तिसरी 'वेस्ट'ची : कचरा की अपव्यय? आणि स्कॉरमधल्या मुख्य प्रक्रियांना मी सध्या नियोजन, प्राप्ती, उत्पादन, वितरण, परतावा, सक्षमीकरण अशी नावं दिली आहेत. काही खटकत असेल तर सांगा.

प्रतिसाद १

'काटक' कसा वाटतो? बारीक पण चिवट, जास्तीचं मांस नाही आणि दमसास भरपूर. इंग्रजी शब्दाचा जन्म पाहिला तर तो फारच चपखल बसतो. संशोधक जॉन क्राफसिक यांनी १९८८ मध्ये टोयोटाच्या उत्पादनपद्धतीसाठी 'लीन' हे विशेषण छापील लेखात आणलं. त्याआधी त्याच पद्धतीला ते 'फ्रजाइल' म्हणत होते, म्हणजे नाजूक. साठ्याची गादी खाली नाही, तेव्हा कुठे जरा बिघडलं की सगळं थांबतं, असा अर्थ. पण नाजूक म्हटलेली पद्धत कोण स्वीकारणार? म्हणून शब्द बदलला. म्हणजे प्रवास 'नाजूक'कडून 'काटक'कडे झाला आहे, सडपातळकडे नाही.

प्रतिसाद २ (कारखान्यात नियोजन पाहतो)

काटक शब्द आवडला, पण आमच्याकडे तो चालणार नाही. ऐकणारा त्यात 'काटकसर' ऐकेल. आधीच लीन म्हणजे माणसं कमी करणे आणि खर्चाला कात्री लावणे असा समज घट्ट आहे. त्याला आपणच खतपाणी कशाला घालायचं? मशीनपाशी उभा असलेला माणूस 'लीन'च म्हणतो. 'लीन पद्धत' ठेवा, 'लीन' एकटा सोडू नका. पद्धत, उत्पादन, साखळी असं काहीतरी मागे लागलं की 'चरणी'चा घोटाळा निम्मा मिटतो. काटक हा शब्द समजावून सांगताना वापरा, मथळ्यात नको.

'वेस्ट'बद्दल मात्र भांडायला तयार आहे. कचरा ही वस्तू झाली, झाडून टाकता येते. अपव्यय पैशाचा होतो. उधळपट्टी म्हटलं की कुणाकडे तरी बोट जातं, आणि लीनमध्ये बोट माणसाकडे नाही, कामाच्या मांडणीकडे दाखवायचं असतं. मूळ जपानी शब्द 'मुदा', म्हणजे व्यर्थ, निष्फळ. मी 'वाया' वापरतो. 'वाया जाणारं' यात कर्ता नाही, तेच हवं आहे.

टोयोटाची उत्पादनपद्धत घडवणारे ताइइची ओनो यांनी सांगितलेल्या वाया जाण्याच्या सात प्रकारांना तर मराठीत आयते शब्द आहेत, पण पुस्तिकांमध्ये ते कुणी लिहीत नाही. वाट पाहणे नको, 'खोळंबा' म्हणा. अनावश्यक वाहतुकीला 'हेलपाटे'. गरज नसलेल्या प्रक्रियेला 'सोपस्कार'. तीन सह्या आणि चार प्रतींचा फॉर्म यापेक्षा चांगल्या शब्दाने सांगता येत नाही. सदोष मालाला 'खोट'. कामगाराच्या जास्तीच्या हालचालींना मी 'वणवण' म्हणायचो, पण दोन पावलांवरचा पाना उचलणं म्हणजे वणवण नव्हे, तेव्हा तिथे साधं 'हालचाल' बरं. उरले साठा आणि गरजेपेक्षा जास्त किंवा गरजेच्या आधी केलेलं उत्पादन. हे शेवटचं ओनो सगळ्यात वाईट मानत, कारण बाकीचे बहुतेक त्याच्याच पोटातून निघतात. त्याला एका शब्दात बसवायला जाऊ नका. 'अतिउत्पादन' लिहिलं की 'गरजेच्या आधी' हा अर्धा अर्थ गळतो.

प्रतिसाद ३ (भाषांतर करते)

मला 'परतावा' खटकला. मराठीत परतावा पैशाचा असतो : कराचा, गुंतवणुकीचा. इथे परत येतो तो माल. 'परतीचा माल' किंवा 'माल परत घेणे' लिहा, नाहीतर लेखा विभागातला वाचक भलत्याच रकान्यात जाईल. सक्षमीकरणही नको. त्या शब्दाला सामाजिक अर्थ इतका चिकटला आहे की इथला नियम, माहिती, करार, यंत्रसामग्री सांभाळण्याचा अर्थ लागतच नाही. 'पाठबळ' बघा.

'प्रारूप' तर सरळ काढून टाका. सरकारी मराठीत प्रारूप म्हणजे कच्चा मसुदा, हरकती मागवण्यापूर्वीचा. आराखडा म्हणजे पुढे काय करायचं त्याची योजना. स्कॉर यातलं काहीच नाही. 'संदर्भ चौकट' भौतिकशास्त्रात आणि समाजशास्त्रात आधीच अडकली आहे, शिवाय मराठीत चौकट मोडायची असते. इथला 'संदर्भ' हा संदर्भग्रंथातला संदर्भ : अडलं की उघडून पाहायचा. मी 'संदर्भ नमुना' सुचवेन. नमुना समोर ठेवून आपलं काम ताडून बघतात, तोच तर याचा उपयोग आहे.

आणखी एक. मूळ नावं प्लॅन, सोर्स, मेक, डिलिव्हर अशी आहेत, म्हणजे सरळ क्रियापदं. आपण त्यांची नियोजन, प्राप्ती, उत्पादन, वितरण अशी नामं केली आणि ती लगेच खात्यांच्या पाट्या झाल्या. वाचक म्हणतो, 'वितरण? ते आमच्याकडे नाही, शेजारच्या इमारतीत.' त्यापेक्षा आखणे, मिळवणे, घडवणे, पोचवणे असं लिहिलं तर काम डोळ्यापुढे येतं, खातं नाही.

प्रतिसाद २ (पुन्हा)

हा मुद्दा लाख मोलाचा. दोन्ही पद्धती एकत्र आणताना नेमकं इथेच फसतं. स्कॉर १९९६ मध्ये सप्लाय चेन कौन्सिलने आणलं (ती संस्था २०१४ मध्ये एपिक्स या व्यावसायिक संघटनेत विलीन झाली). त्यात वरून खाली तीन पातळ्या ठरवून दिल्या आहेत. चौथ्या पातळीवर प्रत्येकाने आपापलं काम आपापल्या रीतीने मांडायचं असतं, मॉडेल तिथे गप्प बसतं. आणि लीनचा हात नेमका तिथून चालू होतो. वरच्या तीन पातळ्या सांगतात कुठे बघायचं, चौथीवर ठरतं काय काढून टाकायचं.

नमुन्यादाखल आकडे घ्या. ऑर्डर आल्यापासून माल ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत २० दिवस. घडवायला ३, कच्चा माल मिळवायला ५, पोचवायला ४. उरलेले ८ दिवस ऑर्डर मंजुरीच्या आणि वेळापत्रकाच्या रांगेत पडून. नुसता लीनचा उत्साह असलेला गट मशीनवर जाऊन साचा बदलण्याची वेळ कमी करेल, अर्धा दिवस वाचवेल, टाळ्या घेईल. ग्राहकाला २० चे साडेएकोणीस दिसतील. उलट नुसतं स्कॉर घेऊन बसलेल्यांना ८ दिवसांचा खोळंबा पहिल्याच बैठकीत सापडेल आणि पुढचे सहा महिने तो फक्त आलेखात रंगेल.

'पुल'ला, म्हणजे पुढून मागणी येईल तेवढंच घडवण्याला, काय करणार आहात? 'ओढ' लिहू नका, ओढ घराची लागते.

प्रतिसाद ४

'खेच पद्धत' वाचली आहे. पण 'पुश'ला 'ढकल' केलं की काम पुढे ढकलण्याचा वास येतो. मी 'मागेल तसं' आणि 'अंदाजाने' अशी जोडी वापरते. एक चूक सगळीकडे दिसते ती मात्र टाळा : स्कॉरमधलं 'साठ्यासाठी घडवणे' म्हणजे पुश आणि 'ऑर्डरवर घडवणे' म्हणजे पुल, असं समीकरण मांडतात. ते खरं नाही. फळीवरचा माल उचलला गेला की तेवढाच पुन्हा भरायचा, कानबान कार्डाने (पुन्हा भरा असं सांगणाऱ्या चिठ्ठीने), हे साठ्यासाठी घडवणंच आहे आणि तरी पुल आहे. इथे भाषांतर चुकलं तर विषयच चुकतो.

प्रतिसाद ३

दोन शब्दसंग्रह एका पुस्तिकेत आले की शब्द एकमेकांच्या अंगावर येतात, तेही बघा. स्कॉरमध्ये 'परफेक्ट ऑर्डर' हा मोजता येणारा आकडा आहे : पूर्ण माल, ठरल्या वेळी, कागदपत्रं बरोबर, माल धडधाकट. चारांतलं एक हुकलं तरी ऑर्डर बाद. प्रत्येक बाब ९५ टक्के वेळा नीट झाली आणि चुका एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर अशा ऑर्डरी साधारण ८१ टक्केच निघतात. लीनच्या पाच तत्त्वांतलं शेवटचं 'परफेक्शन' मात्र कधीच हाती न लागणारं, फक्त धरायचं. दोन्हीकडे 'परिपूर्ण' लिहिलं तर वाचक ८१ टक्के परिपूर्णतेचा अर्थ शोधत बसेल. ऑर्डर 'बिनचूक' करा, तत्त्वाला 'पूर्णत्वाचा ध्यास'.

तसंच 'रिस्पॉन्सिव्हनेस'. स्कॉरमध्ये त्याचा अर्थ कामाचा वेग. 'प्रतिसादक्षमता' लिहिलं की ते 'अ‍ॅजिलिटी'च्या, म्हणजे बाहेर काही बदललं तर वळण्याच्या क्षमतेच्या, अंगणात शिरतं. 'तत्परता' आणि 'चपळाई' अशी वाटणी करा.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. परतावा अकरा ठिकाणी होता, सगळे काढले. खोळंबा, हेलपाटे, सोपस्कार, खोट घेतले. 'संदर्भ नमुना' ठरला, 'लीन पद्धत' ठेवली आणि काटक प्रस्तावनेत एका वाक्यात आला. नामांची क्रियापदं करायला संपादक आधी तयार नव्हते. स्कॉरच्या २०२२ च्या आवृत्तीत 'मेक'चं 'ट्रान्सफॉर्म' झालं आहे म्हटल्यावर ते नरमले, कारण 'रूपांतरण' त्यांनाही नकोच होतं. 'घडवणे' दोन्हीला चाललं.

आता फक्त 'मुरा' उरला. काम कधी तुंबतं, कधी हात रिकामे, तो चढउतार. 'असमतोल' लिहिलाय, पण त्यात वेळेचा भाग येत नाही. कुणाला काही सुचतंय का?

प्रतिसाद २

'कधी तुडुंब, कधी ठणठणाट.' तक्त्याच्या रकान्यात बसणार नाही, पण मशीनवरचा प्रत्येक जण ओळखेल.