हिवाळ्याला दोष देऊन धुरके विरणार नाही

घोडबंदरकर: काल 'मास्तर_कळवा' यांनी येथे लिहिले की, ठाणे आणि नवी मुंबईतले हिवाळी धुरके हा निव्वळ भूगोलाचा व ऋतूचा परिणाम असून त्यासाठी बांधकामांना जबाबदार धरणे हा अडाणीपणा आहे. तो शब्द मला खटकला, म्हणून सविस्तर उत्तर देतो. मी कासारवडवलीला राहतो. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात महामार्ग, मेट्रोचे खांब व एकामागून एक उभे राहणारे टॉवर. सकाळी धुतलेल्या तुळशीच्या पानावरून संध्याकाळी बोट फिरवले, तर करडी रेघ उमटते आणि बोटाला सिमेंटची खरखर लागते. ती खरखर डिसेंबर महिन्याने आणलेली नाही.

मास्तर_कळवा: मी तीस वर्षे भूगोल शिकवला आहे. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि वर उबदार थर राहतो. या विपरीततेमुळे धूळ वर जाऊच शकत नाही. खारे वारे उशिरा सुटतात आणि दुबळे असतात. 2022-23 च्या हिवाळ्यात मुंबईची हवा वारंवार बिघडली, तेव्हा सलग तिसऱ्या वर्षीच्या ला निनामुळे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा थंड राहिल्यामुळे, वाऱ्यांचे चक्र मंदावल्याचे कारण 'सफर' या हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देणाऱ्या सरकारी यंत्रणेने दिले होते. त्या एका हिवाळ्यात बांधकामे एकाएकी दुप्पट झाली होती काय? जुलैमध्येही शहर तेच असते, तरी हवा स्वच्छ असते.

खारघरची_आई: विपरीतता आम्हालाही समजते. पण पहाटे चारच्या सुमारास तळोज्याच्या कारखान्यांच्या बाजूने जो उग्र वास येतो, तो कोणत्या धड्यात आहे? माझा सात वर्षांचा मुलगा त्या वासाने जागा होतो आणि खोकत बसतो. खिडकीच्या फटींना ओले फडके लावून आम्ही उजाडण्याची वाट पाहतो. रात्री तपासणीला कोणी येत नाही, हे ओळखूनच हा वायू सोडला जातो, अशी आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाची खात्री आहे.

मास्तर_कळवा: खात्री हा पुरावा नव्हे. दिवसभर तेवढाच वायू बाहेर पडत असला, तरी दुपारी तो विरतो आणि पहाटे जमिनीलगत साचतो. शिवाय रात्री डोंगरउतारावरची थंड हवा खाली उतरते. आपली मांडणी भावनिक आहे.

खारघरची_आई: लेकराच्या खोकल्याला आपण भावनिक मांडणी म्हणालात, हे मला फार लागले. एक रात्र आमच्याकडे मुक्कामाला या आणि मग शिकवा.

दिवाळेकर: आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी आहे. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा आम्हाला पुस्तकातून शिकावा लागला नाही. हिवाळ्यात तो पहाटेपर्यंत टिकतो. तळोजे खारघरच्या पूर्व अंगाला आहे, त्यामुळे तिकडचा वास पहाटे खारघरला पोहोचणे स्वाभाविक आहे. मास्तरांचा वारा खरा आणि ताईंचा वासही खरा. वारा स्वतः वास तयार करीत नाही, एवढे मात्र मास्तरांनी मान्य करावे. भूगोल अढळ आहे असेही कोणी म्हणू नये, कारण नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, ती आमच्या डोळ्यांदेखत.

घोडबंदरकर: मास्तर, आपल्या जुलैच्या दाखल्याविषयी. पाऊस हवेतली धूळ खाली बसवतो, हे खरे. पण पावसाळ्यात खोदकामही मंदावते, दगडखाणी थंडावतात आणि ओल्या रस्त्यावरून डंपर गेला तरी धूळ उडत नाही. म्हणजे जुलैमध्ये ऋतूही वेगळा असतो आणि धुळीचा उगमही आटलेला असतो; मग श्रेय एकट्या ऋतूला कसे देता? 2020 च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत येऊरचा डोंगर किती लख्ख दिसत होता, ते आठवा.

मास्तर_कळवा: टाळेबंदीचा दाखला लंगडा आहे, कारण एप्रिलमध्ये खारे वारे जोरात असतात, त्याची तुलना जानेवारीशी होत नाही. जुलैविषयीचा आपला मुद्दा मात्र मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. 'अडाणी' हा शब्द मागे घेतो. पण दर हिवाळ्यात वारा पडणार हे ठाऊक असताना खोदकामाचा जोर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच का असावा, हा प्रश्न आपण विचारायला हवा होता. तो कोणीच विचारला नाही. ताई, वासाची वेळ आणि वाऱ्याची दिशा महिनाभर लिहून ठेवा. वारा पूर्वेचा असूनही काही पहाटे वासाविना गेल्या, तर उगम रोज सारखा नाही, हे दिसेल आणि माझे म्हणणे तिथे तोकडे पडेल.

घोडबंदरकर: पाणी न मारता, आच्छादन न घालता डंपर सोडणाऱ्यांना हिवाळ्याचे निमित्त मिळू नये, एवढेच मला म्हणायचे होते.

खारघरची_आई: मुक्कामाचे आमंत्रण कायम आहे. गच्चीच्या कठड्याला ओढणीची चिंधी बांधली आहे. पहिली नोंद: पहाटे 4:40, चिंधी पश्चिमेकडे, वास उग्र, मुलगा जागा.