मदत हवी आहे: टीमसमोर किती मोकळं बोलावं?
अंधेरीच्या ऑफिसात नुकतीच टीम लीड झालेय, कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खायचे तेच आता मला रिपोर्ट करतात. त्यातला एकजण बदलापूरहून दादरला गाडी बदलून येतो, हल्ली मीटिंगमध्ये एकदम गप्प असतो आणि वरून प्रेशर की त्याला लेट मार्क लावा. मला वाटतं आधी एकट्यात बोलावं, सगळ्यांसमोर तर अजिबात नको. सालोवे आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये इमोशनल इंटेलिजन्सची (भावनिक बुद्धिमत्तेची) जी मांडणी केली त्यात दुसऱ्याच्या भावना ओळखण्यासोबत स्वतःच्या सांभाळणंही येतं, मला ते फार पटतं. पण माझ्यावरही ताण आहे हे त्याला खरं सांगू का, की तो अजूनच घाबरेल? ज्यांनी टीम सांभाळलीये त्यांनी प्लीज सांगा, पहिलं वाक्य काय बोलता?