आसामचा रूममेट, कुणाशीच बोलत नाही, काय करू?

सांगलीत विश्रामबागला रूम करून राहतो आम्ही. रूममेट आसामचा आहे, दोन आठवडे झाले नीट झोपत नाही, मेसला येत नाही, लेक्चर तर बंदच. कॉलेजात काउन्सेलर आहेत पण त्या मराठी-हिंदीत बोलतात आणि हा म्हणतो मनातलं मला हिंदीत सांगताच येत नाही, शिवाय घरी कळलं तर परत बोलावतील. लई काळजी वाटते त्याची.

मिरजकर: भावा, आधी १४४१६ लाव. टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, २४ तास, आणि २० भाषांत बोलतात त्यात असमिया पण आहे, म्हणजे त्याला त्याच्या भाषेत बोलता येईल. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे, तिथं तू सोबत जा, केसपेपर काढायला मराठी येणारं कुणीतरी लागतंच.

वारणाकाठ: घरी कळायची भीती असेल तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा त्याला सांग, सज्ञान पेशंटची माहिती डॉक्टर त्याच्या परवानगीशिवाय घरी देत नाहीत, जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. आणि त्याला सरळ विचार, मरावंसं वाटतं का, असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नको, लगेच हॉस्पिटल गाठ.

कन्नड पोरगी: मी पण बाहेरचीच. सगळे "टेन्शन घेऊ नको" म्हणायचे, त्यानं अजून एकटं वाटायचं. मैत्रीण ओपीडीबाहेर नुसती बसून राहिली त्याचा खरा आधार झाला, तू पण तेवढं कर.